साखळीआधीचे आठ महिने

जालना शहराच्या नव्या वसाहतींमधून संध्याकाळी फेरी मारली की कुठल्या ना कुठल्या फाटकाशी लॅब्रॅडोर बांधलेला दिसतो. अंगाने भरलेला, साखळीला ताण देत येणाऱ्या-जाणाऱ्याकडे झेपावणारा. घरातले आतून ओरडून सांगतात, ‘चावत नाही हो तो, पण सोडला की आवरत नाही.’ हाच कुत्रा काही महिन्यांपूर्वी दोन तळहातांत मावत होता. मुलांनी त्याच्यासाठी खोक्यात जुनी चादर अंथरली होती आणि रात्री तो रडला की घरातले सगळे उठत होते. पिल्लाचे कौतुक आणि फाटकाची साखळी यांच्यात साधारण आठ-दहा महिन्यांचे अंतर असते. त्या काळात काय शिकवले आणि काय शिकवायचे राहून गेले, यावर त्या कुत्र्याची पुढची दहा-बारा वर्षे ठरतात.

लॅब्रॅडोर ‘शांत असतो, मुलांना चांगला’ असे ऐकून आणला जातो. ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मच्छीमारांचे कुत्रे. थंडगार पाण्यात उड्या मारायच्या, जाळ्यातून निसटलेले मासे आणि दोरखंड तोंडात धरून आणायचे, दिवसभर माणसाबरोबर राबायचे, हे त्यांचे काम. पुढे ब्रिटनमध्ये शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली आणि १९०३ मध्ये तिथल्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. तेव्हा जे दिसेल ते तोंडात धरणे, पाणी दिसले की उडी घेणे, खाण्यासाठी जीव टाकणे आणि माणूस दिसेनासा झाला की बेचैन होणे, या त्याच्या वाईट सवयी नव्हेत. पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून पक्के केलेले हे गुण आहेत. भिंतींच्या आत, कामाविना ठेवले की तेच गुण खोड्या वाटू लागतात.

काम दिले तर हाच कुत्रा काय करतो, याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला ‘जंजीर’. पुण्याच्या शिवाजीनगर येथील सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला हा लॅब्रॅडोर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात आणि नंतर त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब हुडकून दिल्याची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. जंजीरच्या नाकात जी ताकद होती, ती फाटकाशी बांधलेल्या कुत्र्याच्या नाकातही असते. अशा शोधक कुत्र्यांच्या शिक्षणाचे मूळ सूत्रही घरी वापरता येण्याजोगे आहे. हवे ते काम केले की लगेच त्याला आवडणारी गोष्ट मिळते, मग ती चेंडू असो, खाऊ असो की शाबासकी. कुत्र्याच्या लेखी स्फोटक शोधणे हा एक खेळ असतो.

घरचे शिक्षण पिल्लू उंबरठा ओलांडते त्याच दिवशी सुरू होते. श्वानपैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरी तीस-पस्तीस दिवसांची पिल्ले सर्रास हातावर ठेवली जातात, कारण जितके लहान तितके गोंडस. यात तोटा घेणाऱ्याचाच असतो. भावंडांशी दंगामस्ती करताना जोरात चावले की समोरचे पिल्लू कळवळून ओरडते आणि खेळ थांबतो. दातांचा जोर किती ठेवायचा, याचा पहिला धडा तिथे मिळतो. तो धडा न शिकताच आलेले पिल्लू मग घरातल्या मुलांच्या पोटऱ्यांवर सराव करते.

पहिला प्रश्न अर्थात शी-शूचा. यात गुपित काहीच नाही, घड्याळ सांभाळावे लागते. पिल्लू झोपेतून उठले, खाऊन झाले, खेळून झाले, की त्याला उचलून ठरलेल्या एकाच जागी न्यावे. तिथे काम उरकले की त्याच क्षणी कौतुक आणि एक छोटा घास. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ आवरता येत नाही. त्याचे मूत्राशयच तेवढे असते, त्यात हट्ट नसतो. घरात घाण केली म्हणून नाक त्यात घासणे हा आपल्याकडचा जुना उपाय. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसांसमोर हे करणे धोक्याचे आहे. मग ते दिवाणाखाली, पडद्यामागे जाऊन करते आणि घरच्यांना ते लबाड वाटते. फरशी नुसत्या फिनेलने पुसल्याने वास आपल्या नाकाला जाणवत नाही, पण कुत्र्याच्या नाकाला तो जाणवतो आणि फिनेल चाटणे पिल्लाला अपायकारकही असते. जालन्यासारख्या शहरात, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे रोज फरशी धुण्याची चैन परवडत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात मातीचा किंवा वाळूचा एक वाफा पहिल्या दिवसापासून ठरवून दिला, तर पुष्कळ पाणी वाचते.

चावण्याचे प्रकरण थोडे लांबते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येऊ लागतात. हिरड्या शिवशिवत असतात आणि समोर चप्पल असते. पिल्लाने हात चावला की हात हिसकावून घेऊ नये, ओरडत पळू तर मुळीच नये. पळणारी वस्तू पकडायचीच असते, हे त्याला उपजत ठाऊक आहे. हात सैल सोडावा, खेळ थांबवावा, पाठ फिरवावी. पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा खेळ, पण या वेळी तोंडात देण्यासाठी त्याचे खेळणे हाताशी ठेवून. जुन्या सुती साडीची जाड वेणी ओली करून फ्रीजमध्ये गार केली तर हिरड्यांना आराम पडतो. तिचे धागे सुटू लागले की ती फेकून द्यावी, कारण लॅब्रॅडोर कापड गिळतो आणि मग शस्त्रक्रियेची वेळ येते. मुलांना हा नियम पाळणे अवघड जाते, म्हणून मूल आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नये.

मारण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण ‘दोन ठेवून दिल्याशिवाय ऐकत नाही’ हा समज घट्ट आहे. पोर्तुगालमधील पोर्तो येथील संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओरडणे, हिसके देणे अशा पद्धतींनी शिकवणाऱ्या शाळांतले कुत्रे प्रशिक्षणाच्या वेळी अधिक धापा टाकत होते, अधिक वेळा जांभया देत आणि ओठ चाटत होते, म्हणजे तणावात होते. त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल वाढत होते. इतकेच नव्हे, तर शाळेबाहेरही, वाटीत खाऊ असेल की नसेल अशा संदिग्ध प्रसंगात ते अधिक निराशपणे वागत. बक्षीस देऊन शिकवलेल्या कुत्र्यांत हे आढळले नाही. मार खाऊन गप्प बसलेला कुत्रा शिकलेला वाटतो खरा. त्याने फक्त हालचाल थांबवलेली असते.

आता प्रत्यक्ष धडे. लॅब्रॅडोरला ‘बस’ शिकवणे दहा मिनिटांचे काम आहे. घासाचा तुकडा नाकासमोर धरून हात हळूच डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जाते, बूड आपोआप खाली टेकते. टेकले त्या क्षणी शाबासकी आणि घास. क्षण महत्त्वाचा. दोन सेकंदांहून उशीर झाला तर बक्षीस कशाचे मिळाले हे त्याला उमगत नाही, कारण तोवर ते उठून उभे राहिलेले असते आणि बक्षीस उठण्याला मिळते. एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, एवढे पुरे. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. झोपमोड झालेले पिल्लू चिडक्या बाळासारखेच वागते आणि जास्त चावते.

खरी गडबड शब्दांची होते. मुलगा ‘सिट’ म्हणतो, आई ‘बस’ म्हणते, आजी ‘बस की रे आता गप’ म्हणते आणि बाबा फोनवर ‘बस झालं’ म्हणत असतात. पिल्लाने यातले काय ऐकायचे? घरातल्या सगळ्यांनी मिळून पाच-सहा शब्द ठरवावेत, कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवावेत आणि तेच वापरावेत. मराठी शब्दांना काहीच हरकत नाही. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे छोटे, ठसठशीत शब्द आहेत. हंगेरीतील संशोधकांनी २०१६ मध्ये जागे असलेल्या कुत्र्यांना एमआरआय यंत्रात शांत पडून राहायला शिकवले आणि त्यांना ओळखीच्या आवाजात शब्द ऐकवले. मेंदूतला आनंदाशी निगडित भाग चेतला तो शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे असतील तेव्हाच. तेव्हा कपाळाला आठ्या घालून म्हटलेले ‘शाब्बास’ वाया जाते.

‘ये’ हा शब्द मात्र जपून खर्चावा. आंघोळ घालायला, औषध पाजायला किंवा रागे भरायला ‘ये’ म्हणून बोलावले, तर चार दिवसांत ते यायचे बंद होते. त्या कामांसाठी आपण उठून त्याच्याकडे जावे. रस्त्यावर पट्टा सुटला आणि समोरून वाळूचा हायवा येत असला, तर तोच एक शब्द त्याचा जीव वाचवणार असतो.

पिल्लाचे जग ओळखीचे होण्याचा काळ फार थोडा असतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत १९५० आणि ६० च्या दशकांत झालेल्या कामातून दिसले की साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या नजरेस जे पडते, ते त्याला आयुष्यभर नेहमीचे वाटते. जे पडत नाही, त्याची भीती बसू शकते. पंचाईत अशी की लसीकरणही याच काळात चालू असते. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची लस सुरू होते आणि साधारण सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावे लागतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. मग पिल्लाला घरातच कोंडायचे का? नाही. त्याला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरवावे. मोतीबागेजवळची मुलांची गर्दी, स्टेशनाबाहेरचा रिक्षांचा गलका, ट्रॅक्टर, वरातीतला बँड, पोळ्याला सजवलेले बैल, हेल्मेट घातलेला माणूस, घुंगट घेतलेली बाई, कुकरची शिट्टी, हे सगळे त्याला दुरून, घास भरवत दाखवावे. ते घाबरले तर आणखी दूर जावे. दिवाळीतल्या फटाक्यांनी पुढे पलंगाखाली थरथरणारे बरेच कुत्रे या तीन महिन्यांत घराबाहेर पडलेलेच नसतात.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि नंतर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दरवर्षी. तोपर्यंत ‘एवढेसे पिल्लू, त्याला कसला रेबीज’ या भ्रमात राहू नये. गल्लीतल्या कुत्र्यांशी संपर्क आलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, तिखट यांतले काहीही लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातले रेबीजचे सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगाला उपाय नाही.

लॅब्रॅडोरची भूक हा स्वतंत्र विषय आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचवण्यात या जनुकाचा वाटा आहे. २०२४ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली. असा बदल असलेल्या कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये भूक जास्त लागते आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळते. म्हणजे तो ताटाजवळ बसून केविलवाणे पाहतो ते नाटक नसते, त्याला खरोखरच भूक लागलेली असते. तरीही देऊ नये. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोरवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे सरासरी १३ वर्षे जगले. भरपूर खाणारे ११.२ वर्षे. सांधेदुखीही पहिल्या गटात उशिरा आली. घास देऊन शिकवायचे आणि वजनही आवरायचे, यातली तडजोड सोपी आहे. बक्षिसाचे घास रोजच्या जेवणातूनच वेगळे काढून ठेवायचे. हरभऱ्याच्या दाण्याएवढा तुकडा पुरतो. उकडलेले चिकन, पनीर, गाजर, काहीही.

उलट टोकाची चूकही मराठवाड्यात दिसते. दूध-पोळी किंवा दूध-भाकरीवर वाढवलेले पिल्लू. वाढत्या मोठ्या जातीला त्यातून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत आणि अनेकांना दुधाने जुलाब होतात. मग हाडे मजबूत व्हावीत म्हणून दुकानातून कॅल्शियमचे सिरप आणले जाते. मोठ्या जातींच्या पिल्लांत जास्तीचे कॅल्शियमच हाडांची वाढ बिघडवते. घर शाकाहारी असेल तर पिल्लू आणण्याआधीच पशुवैद्यकांशी बोलून आहार ठरवावा. गुळगुळीत टाइल्स आणि जिने हाही हाडांचाच प्रश्न आहे. नॉर्वेतील एका अभ्यासात तीन महिन्यांआधी रोज जिना चढ-उतर करणाऱ्या पिल्लांत कमरेच्या सांध्याचा दोष जास्त आढळला, तर मऊ, खडबडीत जमिनीवर मोकळे बागडणाऱ्यांत कमी.

या जिल्ह्यात घरोघरी काही गोष्टी अशा असतात, ज्यांची धास्ती शहरी पुस्तकांत सापडत नाही. कडवंचीच्या द्राक्षांचे घड घरात येतात. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. त्यामागे त्यांतले टार्टारिक आम्ल असावे असे आता मानले जाते आणि तेच चिंचेतही असते. अंबडकडची मोसंबी त्या मानाने निरुपद्रवी. एखादी सोललेली फोड चालते. कांदा-लसणाची फोडणी असलेली उरलेली भाजी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. जूनमध्ये पेरणीच्या आधी ओसरीवर ठेवलेल्या रंगीत कपाशीच्या बियाण्याला कीटकनाशक चोळलेले असते आणि पिशवी फाडणे हा लॅब्रॅडोरचा आवडता उद्योग. ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटॅमॉलची गोळी परस्पर देऊ नये. शेततळ्याजवळ त्याला कधीही मोकळे सोडू नये. पोहता येत असले तरी प्लास्टिकच्या निसरड्या अस्तरावरून त्याला वर चढता येत नाही.

आणि ऊन. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की दुहेरी केसांचा, मूळचा थंड प्रदेशातला हा कुत्रा हतबल होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकणे हाच मुख्य उपाय. एप्रिल-मेमध्ये फिरणे आणि शिकवणे सकाळी सातच्या आत उरकावे. संध्याकाळी रस्त्यावर हाताची उलटी बाजू टेकवून पाहावी. सात सेकंद ठेववत नसेल तर पंजेही भाजणार. थांबत नसलेली धाप, चिकट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तेव्हा सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. केस भादरू नयेत, ते उन्हापासून आडही करतात. जिल्ह्यातल्या सरकारी पशुदवाखान्यांचा बराचसा वेळ गायी-बैल-शेळ्यांत जातो. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय रेल्वेच्या एकाच मार्गावर आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

हे सगळे नीट करूनही सहाव्या-सातव्या महिन्यात एक दिवस असा येतो की ‘बस’ म्हटल्यावर पिल्लू मान वळवून दुसरीकडे पाहते. तोपर्यंत पंचवीस किलोंचा झालेला तो धटिंगण आजोबांना पट्ट्यासकट ओढून नेतो आणि ‘शिकवलेले सगळे वाया गेले’ असे वाटू लागते. साखळी बाजारातून येते ती याच आठवड्यात. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंधांसाठी वाटाड्या म्हणून वाढवल्या जाणाऱ्या लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरित पिल्लांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ सांगून पाहिले. आठव्या महिन्यात ती आपल्या सांभाळकर्त्याचे कमी ऐकत होती, परक्या माणसाचे ऐकणे मात्र कमी झाले नव्हते. शब्द ती विसरली नव्हती. वयात येणारी मुले घरातल्यांशीच हुज्जत घालतात, तसेच काहीसे. वर्षाची होईपर्यंत ती पुन्हा ऐकू लागली. या दोन-तीन महिन्यांत नवे काही शिकवण्याचा हट्ट सोडावा, जुनेच सोपे धडे घ्यावेत, घास थोडा अधिक चांगला द्यावा आणि आजोबांऐवजी पट्टा घरातल्या तरुण माणसाच्या हाती द्यावा.